ओव्हरटाइमचं गणित: कंपनीत काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठेही जा, पगाराच्या दिवशी स्लिप हातात आली की आधी नजर जाते ती ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या, आकड्यावर. तरी तो आकडा आला कसा हे विचारलं की निम्मे लोक गप्प बसतात आणि उरलेले म्हणतात "ऑफिसवाल्यांना माहीत". म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका जागी लिहिलेत. क्रम काही खास नाहीये, जो प्रश्न आपला वाटेल तो वाचा.

ओटी नक्की कितव्या तासापासून धरायचा?

जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये, म्हणजे १९४८ च्या, दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशा दोन रेघा होत्या. यातली कुठलीही एक ओलांडली की पुढचा वेळ ओटी. सहा दिवस आठ-आठ तास केले की ४८ भरले, मग रविवारी बोलावलं तर तो अख्खा रविवार ओटीत गेला पाहिजे. जेवणाची अर्धा तास सुट्टी यात धरत नाहीत, म्हणून तर शिफ्ट साडेआठ तासांची दिसते.

नाईटवाल्यांनी एक लक्षात ठेवा. रात्री बारानंतर तारीख बदलली म्हणून तास नव्याने मोजायचे नसतात, बारानंतरचे तास आदल्या दिवसाच्याच खात्यात जातात. सेकंड शिफ्ट करून रिलीव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस, आला नाही म्हणून नाईटला थांबलात तर ते तास सलग मोजायचे. "तारीख बदलली, आता नवीन दिवस" असं कोणी सांगत असेल तर तो येड्यात काढतोय. तसं तर सोळा तासांची डबल मारायला लावणं हेच कायद्यात बसत नाही, पण ती होते हे सगळ्यांना माहितीये.

डबल म्हणजे कशाचं डबल?

सगळी मेख इथेच आहे, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

समजा एकाचा ग्रॉस पगार २६,००० आहे (भागायला सोपा म्हणून घेतला). २६ दिवसांनी भागलं की रोज १,००० झाला, आठ तासांनी भागलं की तास १२५ चा. त्याचं डबल २५०. महिन्यात ४० तास ओटी बसला तर १०,००० मिळायला हवेत. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही.

आता त्याच माणसाची स्लिप उघडून बघा. बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता) १३,०००, बाकी घरभाडं, कन्व्हेयन्स, वॉशिंग, एज्युकेशन, स्पेशल अलाऊन्स असं बारीक बारीक तुकड्यांत टाकलेलं. बऱ्याच कंपन्या ओटी काढतात तो फक्त बेसिक-डीएवर. १३,००० भागिले २६ भागिले ८ म्हणजे साडेबासष्ट रुपये, त्याचं डबल १२५. म्हणजे काय झालं बघा, स्लिपवर "ओटी डबल" छापलंय आणि माणसाला मिळतोय तोच १२५ जो त्याला साध्या तासाला मिळतो. ४० तासांचे ५,०००.

जुन्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये साध्या दरात बेसिकबरोबर माणसाला मिळणारे भत्ते धरायचे आणि फक्त बोनस आणि ओटीचे पैसे वगळायचे असं लिहिलंय. कुठला भत्ता यात येतो यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं झालीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले आणि त्यात "वेजेस"ची व्याख्याच वेगळी आहे, घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे बाहेर, फक्त बाहेर काढलेल्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या तर वरचा भाग परत वेजेसमध्ये ओढायचा. ओटी या वेजेसच्या दुप्पट. ज्यांचं बेसिक तीस टक्क्यांवर बसवलेलं होतं त्यांचा यात फायदाच आहे. पण ज्यांचं बेसिक बरोबर निम्मं ठेवलंय त्यांना या व्याख्येप्रमाणे दुप्पट म्हणजे ग्रॉसच्या हिशोबाने एकपटच पडते. बेसिक किती या भांडणाला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली असं माझं स्पष्ट मत आहे, आणि युनियनवाले अजूनही ग्रॉसमध्ये किती वाढ झाली तेवढंच बोर्डावर लिहितात.

आमच्याकडे ३० ने भागतात, बरोबर आहे का?

महिन्याचा पगार २६ दिवसांच्या कामाचा धरायची आपल्याकडची जुनी रीत आहे, ग्रॅच्युइटीच्या कायद्यातसुद्धा १५ भागिले २६ च आहे. तीसने भागलं की वरच्या माणसाचा ओटीचा तास १२५ वरून १०८ वर येतो, म्हणजे साध्या तासापेक्षाही स्वस्त. रात्री साडेआठ वाजता तुम्ही थांबलाय आणि दुपारपेक्षा कमी भावात काम करताय. जिथे हे चालतं तिथे निदान लेखी विचारा की भागाकार कशाने करता, उत्तर द्यायला लावलं की अर्धी कामं होतात.

डबल द्यावं लागतं तर कंपनी नवीन माणसं का घेत नाही?

हा प्रश्न चहाच्या टपरीवर रोज निघतो आणि उत्तर नेहमी "मालक हुशार आहे" इथेच थांबतं. हुशारी कशी ते आकड्यात बघू.

२६,००० वाला नवा माणूस घेतला तर कंपनीला तो २६,००० ला पडत नाही. १३,००० वर पीएफचा कंपनीचा वाटा आणि चार्जेस धरून १३ टक्के, म्हणजे १,६९० रुपये. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, दोन्ही मिळून सतराशेच्या आसपास. वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा, ती महिन्याला तेराशेपर्यंत जाते. वर कॅन्टीन, बस, बूट, युनिफॉर्म. सगळं मिळून साधारण ३३-३४ हजार होतात, तासाला १६० ते १६५ पडतात. भरती, ट्रेनिंग आणि पहिल्या दोन महिन्यांचं रिजेक्शन, म्हणजे खराब गेलेला माल, यात धरलेलंच नाही.

आता ओटीवर पीएफ नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा वाढत नाही, बस तीच, लॉकर तोच. ओटी खरोखर ग्रॉसवर डबल म्हणजे २५० ने दिला तर तो १६५ पेक्षा महाग आहे, मालक चार महिने सलग ओटी देऊन कंटाळेल आणि भरती काढेल. कायद्यात दुप्पट ठेवण्यामागचा हेतू तोच आहे, कामगाराचं भलं हा एक भाग, पण मालकाला ओटी बोचला पाहिजे हा दुसरा. बेसिकवर दिला तर १२५, आणि १२५ हे १६५ पेक्षा कमी. तिथे बोचण्याचा प्रश्नच येत नाही, उलट नवीन माणूस घेणं हाच वेडेपणा ठरतो.

म्हणून एखाद्या प्लांटमध्ये वर्षभर रोज ओटी चालू असेल आणि भरती बंद असेल तर समजायचं की तिथला ओटीचा दर कुठेतरी १६५ च्या खालच्या बाजूला आहे. याला अपवाद आहेत. मागणी कधी पडेल याची खात्री नसली की महाग ओटीसुद्धा परवडतो, कारण ओटी उद्या सकाळी बंद करता येतो आणि पर्मनंट माणूस करता येत नाही. दिवाळीच्या आधी गाड्यांची ऑर्डर वाढते, सप्लायरकडे तीन महिने धावपळ आणि मग शांतता, त्यासाठी कोणी माणसं भरणार नाही हे खरंच आहे. शिवाय प्रेस शॉपमधल्या मशीनचा हप्ता बँकेला रोज जातोच, मशीन आठ तास चालो की बारा, त्यामुळे जास्त चालवायचा मोह असतोच.

मागणी पत्रात पगारवाढ मागितली की मॅनेजमेंट "ओटी देतो" म्हणते, यात तोटा काय?

घरात पैसे तेवढेच आले तर तोटा कसला, असं वाटतं खरं. पण कंपनी बघते की हा गडी महिन्याला घरी ३२ हजार नेला की खूश आहे, मग ते ३२ हजार कसे बनवायचे हे ती ठरवते. बेसिक दाबून ठेवायचं आणि ओटीने भरायचं. अर्थशास्त्रातही हा मुद्दा आहे, की ओटीचा दर कायद्याने वाढवला तर काही ठिकाणी मूळ पगार तेवढा खाली सरकतो आणि एकूण पॅकेज जिथल्या तिथे राहतं. मूळ पगार कमी म्हणजे पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी, रजेचे पैसे कमी, रिटायर होताना ते कळतं. आणि ऑर्डर पडली की पगार एका महिन्यात ३२ वरून २६ वर. मूळ पगार असा एका फटक्यात खाली आणता येत नाही.

ओटीच्या भरवशावर हप्ता घ्यावा का?

नको. बँकसुद्धा कर्ज देताना ओटीचा आकडा पूर्ण धरत नाही, ती स्लिपमधलं नेहमीचं उत्पन्न बघते, आणि बँक जिथे सावध आहे तिथे आपण कशाला धाडस करायचं. बुलेटचा हप्ता ओटीवर बसवलेले खूप जण असतात, आणि लाइन एका शिफ्टवर आली की तेच सुपरवायझरच्या मागे फिरतात. मग ओटीच्या यादीत नाव घालणं हे बक्षीस होतं आणि नाव काढणं शिक्षा. सुट्टी मागितली, जास्त बोललास, या आठवड्यात ओटी नाही. कागदावर कुठेच येत नाही पण शॉप फ्लोअरवरची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे.

ओटीला नाही म्हणता येतं का?

नव्या कोडमध्ये कामगाराची आधी संमती पाहिजे असं लिहिलंय. प्रत्यक्षात शनिवारी दुपारी तीन वाजता सुपरवायझर पॅड घेऊन लाइनवर फिरतो, "डिस्पॅच अडकलाय, कोण कोण थांबतंय" असं विचारतो, पण यादीत नावं आधीच लिहिलेली असतात आणि बसवाल्याला पण आधीच कळवलेलं असतं की साडेतीनची गाडी रिकामी जाईल. ज्याला नाही म्हणायचंय त्याने गेटपास काढून स्वतःच्या खर्चाने हायवेपर्यंत जायचं. पर्मनंट माणूस महिन्यातून एकदा-दोनदा नाही म्हणू शकतो. कॉन्ट्रॅक्टवाला नाही म्हणाला तर सोमवारी त्याचं कार्ड पंच होत नाही.

बायकांच्या बाबतीत हे अजून अवघड, कारण संध्याकाळी साडेसहाला घरी पोचून स्वयंपाक तिलाच करायचा असतो, म्हणून ती ओटी टाळते, आणि वर्षाअखेरीला एकाच ग्रेडच्या दोघांच्या कमाईत फरक दिसतो.

आता रोज १२ तास ड्युटी कायदेशीर झाली म्हणतात, खरं का?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कायद्यात बदलाला मंजुरी दिली, त्यात कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास, विश्रांती ५ ऐवजी ६ तासांनंतर, आणि तीन महिन्यांतल्या ओटीची मर्यादा ११५ वरून १४४ तास असं होतं. दुकानं आणि ऑफिसांसाठी ९ चे १० तास आणि ओटी १२५ वरून १४४. ओटीसाठी लेखी संमती लागेल असंही त्यात आहे. पण आठवड्याचे ४८ कुठे गेले नाहीत. बारा तास रोज लावून चार दिवसांत ४८ भरले तर उरलेले दिवस सुट्टी, आणि पाचव्या दिवशी बोलावलं तर ओटी. गडबड होते ती इथे, की "आता बारा तासांची ड्युटी आहे" असं सांगून सहा दिवस बारा तास घेतले जातात आणि ओटी शून्य. सहा गुणिले बारा बहात्तर होतात, ४८ वजा जाता २४ तासांचे डबल पैसे आठवड्याला कोणाच्या खिशात जातात ते विचारा.

हे ४८ तास आले कुठून?

मुंबईच्या गिरण्यांतून आले म्हटलं तरी चालेल. नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली, रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. त्याआधी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत काम. पुढे कायद्याने १९२२ ला आठवड्याचे ६० तास केले, १९३४ ला ५४, आणि १९४६ ला ४८, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. साठवरून अठ्ठेचाळीसवर यायला चोवीस वर्षं लागली.

बारा तास काम केलं की माल दीडपट निघतो का?

मशीनच्या वेगावर चालणाऱ्या लाइनवर सुरुवातीला निघतो, हाताच्या कामात नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे तास आणि माल यांची नोंद ठेवलेली होती, जॉन पेन्कावेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने ती २०१४ मध्ये पुन्हा तपासली. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत जितके तास तितका माल, त्याच्या पुढे प्रत्येक जादा तासाला माल कमी कमी, आणि ७० तास काम करून निघालेला माल ५६ तासांच्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ वाया. आपल्याकडे क्वालिटीवाल्याला विचारा, रिजेक्शन शिफ्टच्या कुठल्या तासात वाढतं ते तो रजिस्टर न बघता सांगेल. प्रेसवर बोटं कधी जातात तेही त्याला माहीत असतं.

पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, टॅक्स, यात ओटी धरतात का?

पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, तिन्हीत नाही. ईएसआयची (कामगार विम्याची) २१,००० ची मर्यादा बघतानाही ओटी धरत नाहीत, त्यामुळे ओटीने पगार वर गेला म्हणून तुमचं कार्ड बंद होत नाही, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इन्कम टॅक्सला मात्र ओटी पूर्ण पगारच आहे, पण नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेटमुळे टॅक्स लागत नाही, त्यामुळे बहुतेकांना काळजी नाही.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांना आणि अप्रेंटिसला काय?

कॉन्ट्रॅक्टवाल्यालाही डबलच. ठेकेदाराने नाही दिले तर मूळ कंपनीने द्यायचे आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापायचे, असा नियम आहे. पण ठेकेदाराने कंपनीला रेट देतानाच ओटी सिंगलने धरलेला असतो, आणि कंपनीच्या परचेसवाल्याला ते माहीत असतं, सही करताना तो तिकडे बघत नाही.

अप्रेंटिसला तर ओटी लावताच येत नाही, अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची परवानगी असल्याशिवाय. "शिका आणि कमवा" म्हणून आयटीआयची पोरं रोज बारा तास उभी करणं हे शिकवणं नाही.

मला "सिनिअर ऑफिसर" केलं आणि ओटी बंद झाला, असं करता येतं का?

हुद्दा काय आहे ते बघत नाहीत, काम काय करता ते बघतात. खरंच माणसं सांभाळत असाल आणि कोडप्रमाणे वेजेस १८,००० च्या वर असतील तर तुम्ही कामगारात मोडत नाही, ओटी गेला. पण दिवसभर सीएनसी मशीनवर जॉबच लावत असाल आणि हाताखाली कोणी नसेल तर व्हिजिटिंग कार्डाने काही होत नाही. प्रमोशन घेताना आधी मागच्या बारा महिन्यांच्या ओटीची बेरीज करा. पाच हजारांच्या वाढीत आठ हजारांचा ओटी घालवलेले कमी नाहीत.

ओटीऐवजी कॉम्प ऑफ दिला तर?

साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं तर बदली सुट्टी त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते. पण जादा तासांच्या पैशाच्या बदल्यात सुट्टी, हा सौदा कारखान्याच्या कायद्यात नाही.

आयटीवाल्यांना ओटी का नाही?

कागदावर बऱ्याच जणांना आहे. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आता वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला लागू होतो (२०२५ च्या बदलाआधी दहा होती), टेक्निकल आणि क्लेरिकल काम करणारे त्यात कामगार आहेत आणि ओटी डबल आहे. हिंजवडीत रात्री दहाच्या कॉलवर बसलेल्याने तो मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिथे पंचिंग आत यायला लागतं, लॅपटॉप घरी नेला की तासच मोजले जात नाहीत.

ऑडिट आलं की वेगळं मस्टर का काढतात?

बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांना सप्लायरकडचे तास कमी दिसायला हवे असतात. उदाहरणार्थ एसए ८००० हे कामगारांना कसं वागवता ते तपासणारं स्टँडर्ड असेल तर आठवड्याला ओटी १२ तासांच्या वर चालत नाही. मग एक मस्टर खरं आणि एक ऑडिटरचं. ऑडिटरवाल्या मस्टरमध्ये न दिसणारे तास पगारात "प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह" किंवा "अटेंडन्स रिवॉर्ड" या नावाने येतात, अर्थात सिंगल रेटने. स्लिपवर दर महिन्याला बदलणारा असा इन्सेंटिव्ह दिसला तर त्याला आपल्या जादा तासांनी भागून बघा, आकडा सारखा येतो का ते.

ओटीचे पैसे राहिलेत, मागे किती जाऊन मागता येतात?

वेतनाच्या नव्या कोडमध्ये तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आधी ही मुदत बरीच कमी होती. कामगार आयुक्तांच्या ऑफिसला अर्ज द्यायचा, तास आणि सुरक्षेची तक्रार असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. एकट्याने जाण्यापेक्षा लाइनवरच्या चार-पाच जणांनी मिळून गेलेलं बरं, कारण एकट्याला दुसऱ्या प्लांटला पाठवणं सोपं असतं. पुरावा म्हणून सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे रोजची स्वतःची नोंद, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कोणी थांबवलं, एका साध्या वहीत, त्याच दिवशी लिहिलेली. पंचिंग मशीनवर वेळ दिसते तिचा फोटो, सुपरवायझरचा "उद्या संडे चालू आहे, सगळ्यांनी या" हा व्हॉट्सॲप मेसेज, ओटी स्लिपची झेरॉक्स, हे सगळं ठेवा. मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार गेली की ग्रुप डिलीट होतो.